पदवीचे नियम कोण ठरवतो?



प्रवेशाचे दिवस आले, की सांगली-सातारा जिल्ह्यांच्या शिवेवरच्या आमच्या महाविद्यालयात एक देखावा हमखास दिसतो. आटपाडीकडून किंवा खटावकडून पहिली एस.टी. धरून आलेले एखादे शेतकरी गृहस्थ, सोबत मुलगी, आणि हातात माहितीपत्रक. त्यात मेजर, मायनर, खुला विषय, कौशल्याचा विषय, इतके क्रेडिट, तितके क्रेडिट! त्यांना बी.ए. म्हणजे तीन वर्षे, एवढेच ठाऊक. ते विचारतात, "सर, हे समदं ठरवलं कुणी?" आणि खिडकीतून उत्तर येते, "वरून आलंय."

हे "वरून" म्हणजे नेमके कुठून, ते आज पाहू या.

पदवीचे नियम आभाळातून पडत नाहीत. माणसे एका टेबलाभोवती बसून ते करतात आणि माणसेच ते बदलतात. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुढच्याच दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या. म्हणजे मराठी आईबापांचा मुलगा मराठीचा एकही पेपर न देता बी.ए. होऊ लागला. न्यायमूर्ती रानडे यांना हे सलत होते. त्यांनी विद्यापीठाच्या सिनेटात चिकाटीने खटपट केली, तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीला एम.ए.च्या परीक्षेत जागा मिळाली. एक ओळ काढायला एक बैठक पुरली. ती परत घालायला जवळजवळ एक पिढी गेली.

आपल्या भागाचेच पाहा. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ चे. ते आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, १९४९ साली पुणे विद्यापीठ झाल्यावर तिकडे गेले, आणि १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर त्याचे झाले. इमारत तीच, कृष्णाकाठ तोच. पदवीचे नियम मात्र तीन घरचे. आज साठ-सत्तर वर्षांपूर्वी अकरावीला मॅट्रिक होऊन कॉलेजात गेलेल्यांना पदवीला चार वर्षे लागत. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि पुढे बारावीनंतरची पदवी तीन वर्षांची झाली. आता पुन्हा चार वर्षांची वाट उघडली आहे. तेव्हा "असं कधी नव्हतंच" असे कोणी म्हणाले, तर घरातल्या आजोबांना विचारावे!

आता कामाची रीत कशी असते? चौकट दिल्ली-मुंबईहून येते. विद्यापीठ अनुदान आयोग मोठे माप ठरवतो, राज्य शासन निर्णय काढते. आपल्या राज्यात नव्या धोरणाचा असा निर्णय एप्रिल २०२३ मध्ये निघाला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६, हे माप तिथले. श्रेयांक म्हणजेच क्रेडिट. आठवड्याला एक तास, असे पंधरा आठवडे शिकवले की एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास.

पण त्या चौकटीत काय भरायचे, ते विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. प्रत्येक विषयाचे मंडळ असते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे त्यावर काही विभागप्रमुख निवडून येतात, काही शिक्षक कुलगुरू नेमतात, शिवाय बाहेरच्या विद्यापीठातला प्राध्यापक आणि उद्योगधंद्यातला जाणकार घेतात. मंडळाने केलेला मसुदा विद्याशाखेपुढे जातो, तिथून विद्या परिषदेपुढे, आणि तिने होकार दिला म्हणजे नियम लागू. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्थांची अभ्यास मंडळे त्यांची स्वतःची असतात. म्हणजे या "वरून"मध्ये निम्मेअधिक आमच्यासारखे मास्तरच बसलेले असतात.

आणि मास्तर चुकतातही. माझीच गोष्ट सांगतो. फार पूर्वी मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या भागात नोकरीला होतो. अर्थशास्त्राचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलायचा होता, आणि उपसमितीत मी सर्वांत तरुण. "सहकार" हा जुना पेपर काढून बँकव्यवहाराचा नवा घालायचे ठरले. एका प्रकरणाला नाव काय द्यावे, यावर आम्ही दोन तास वाद घातला. शेवटचे पान उरले समकक्षतेच्या तक्त्याचे. जुन्या अभ्यासक्रमात ज्याचा पेपर राहिला, त्याने नव्यातला कोणता द्यावा, हे त्यात लिहायचे असते. तोवर साडेपाच झाले होते. कोणाला गाडी गाठायची होती, कोणाला बाजार. सहकारासमोरची जागा कोरी राहिली. मी सही केली.

दोन वर्षांनी एक विद्यार्थिनी माझ्यासमोर उभी राहिली. आई आजारी पडल्यामुळे तिने शिक्षण मध्येच सोडले होते; एकच पेपर राहिला होता, सहकाराचा. जुन्या परीक्षेच्या संधी संपल्या होत्या. तिने गुणपत्रक पुढे केले आणि विचारले, "सर, आता हा पेपर मी कुठला देऊ?" तक्ता काढला. कोरी जागा माझ्याकडे बघत होती. अर्ज केला, मंडळाची पुढची बैठक झाली, निर्णय झाला. पण तिचे आणखी एक वर्ष गेले. घरात लग्नाची बोलणी चालू असलेल्या मुलीचे एक वर्ष म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. ती पुढे पदवीधर झाली, हे तिचे कर्तृत्व. कोरी जागा माझी होती. तेव्हापासून कोणताही मसुदा हाती आला, की मी शेवटच्या पानापासून वाचतो.

आजचे नियम अशा मुलींसाठी थोडे मऊ झाले आहेत. पहिले वर्ष पुरे करून आणि कौशल्याचे ४ जादा श्रेयांक मिळवून थांबले तर प्रमाणपत्र, तसेच दुसऱ्या वर्षानंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. मिळवलेले श्रेयांक आता बँकेतल्या ठेवीसारखे नावावर जमा राहतात. पण मधल्या काळात अभ्यासक्रमच बदलला, तर? तिथे पुन्हा तो तक्ताच लागतो. दार उघडे ठेवले आणि पायरी काढून घेतली, असे होऊ नये.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाच्या श्रेयांकांची. नव्या रचनेत विद्यार्थ्याने कामाच्या ठिकाणी जाऊन शिकायचे आहे. शहरातल्या कॉलेजाला कंपनी सापडते. जतच्या मुलाने कुठे जावे? मला वाटते, आपल्याकडे कामाच्या जागांना तोटा नाही. तासगावच्या बेदाण्याचा व्यवहार, सांगलीचा हळदीचा बाजार, साखर कारखाना, पतसंस्था, ग्रामपंचायतीचे दप्तर, या काय शाळा नव्हेत? २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कोणत्या गल्लीत किती पाणी आले आणि धंद्याचे काय झाले, ही नोंद मुलांनी केली तर तो उत्तम प्रकल्प होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात "कमवा आणि शिका" हे चालवून दाखवले, तेव्हा त्या श्रमाला कोणी श्रेयांक देत नव्हते. आज द्यायची सोय आहे. मात्र "मान्य ठिकाण" या दोन शब्दांत बेदाण्याचे शेड बसते की नाही, हे समितीने लिहून ठेवायला हवे. नाहीतर खिडकीवरचा कारकून नाहीच म्हणणार.

म्हणून शिक्षक मित्रांनो, नवा मसुदा आला की "वरून आलंय" म्हणून तो फायलीत लावू नका. आपल्या मुलांना कुठे ठेच लागेल ते दोन ओळींत मंडळाला लिहा. मंडळावर बसलेला माणूस तुमच्या-आमच्यातलाच असतो. आणि पालक हो, प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारा. हा अभ्यासक्रम कोणत्या वर्षी लागू झाला? मध्ये थांबावे लागले तर हाती काय पडेल? परत आल्यावर राहिलेला पेपर कोणता द्यायचा? उत्तर लेखी घ्या, आणि प्रत्येक सत्राचे गुणपत्रक जमिनीच्या उताऱ्यासारखे जपून ठेवा.

नियम कागदावर होतात, पण त्यांची किंमत कोणाच्या तरी घरात मोजली जाते. करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि आपण त्यांना ते विसरू देऊ नये.