दागिना आणि खाज

गौरी आल्या की आपल्या अशोका गार्डनमध्येही घरोघरी ठेवणीतले दागिने निघतात. सोने महाग, म्हणून पुष्कळसे इमिटेशनचे. दोन दिवसांत गळ्याला, कानाला खाज सुटते आणि आपण म्हणतो, उष्णता झाली!

दोषी बहुधा निकेल असते. घामात त्याचे आयन सुटतात, त्वचेत शिरतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते. जीन्सचे बटणही तेच करते.

2011 मध्ये प्रवीण वेमुला, जेफ्री कार्प आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. चुनखडीत असते तेच कॅल्शियम कार्बोनेट, पण 500 नॅनोमीटरहून बारीक कणांचे, साध्या मलमातून लावायचे. कण निकेलला वरच्यावर धरतात, स्वतः त्वचेत शिरत नाहीत, पाण्याने धुऊन जातात. उंदरांवर हे साधले. घरी मात्र खडू उगाळून लावू नये. तो इतका बारीक होत नाही.

आम्हाला विचाराल तर पुरळ उठताच मंगळसूत्र उतरवावे, त्वचेच्या डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. सासूबाईंनी त्यावरून सुनेला बोलू नये. तोवर दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची पोत आहेच.