हिशेबाचं विरजण दुसऱ्या घरीही असू द्या



नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची नोंद ही पंचसूत्री आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यातल्या पाचव्या सूत्राबद्दल आज बोलू या.

आता बऱ्याच गटांचा हिशेब कॉम्प्युटरवर असतो. वहीला वाळवी लागली तरी कॉम्प्युटर आहे, असं आपण म्हणतो. पण कॉम्प्युटरही बंद पडतो. व्हायरस शिरतो, कधी एखादं पोर खेळता खेळता फाइल पुसून टाकतं.

मग नेमकं काय जातं? गटाचं खातं, बँकेचं कर्ज, त्याचे हप्ते यांची नोंद बँकेकडे असते. पण गटाच्या आत कोणी किती उचलले, किती फेडले, ही नोंद आपल्याशिवाय कोणाकडेच नसते. ती गेली की "मी दोन हप्ते भरलेत", "नाही, एकच भरलास" असं सुरू होतं. जिने खरंच भरलेत, तिच्याकडे दाखवायला काही नसतं. पैशांच्या आधी विश्वास जातो.

घरातलं दही नासलं तर आपण शेजारणीकडून विरजण आणतो. ते मिळतं, कारण ते दुसऱ्या घरात असतं. आपल्याच ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या, तर मांजर दोन्ही सांडतं. हिशेबाचंही तसंच आहे.

जाणकार यासाठी तीन-दोन-एक असा नियम सांगतात. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या गटात हे असं करता येईल. पहिली प्रत कॉम्प्युटरवर. दुसरी पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह कोषाध्यक्ष ताईंच्या घरी, कुलपात. तिसरी गटाच्या नावाने काढलेल्या जीमेल खात्याच्या गुगल ड्राइव्हवर. तिथे 15 जीबी जागा मोफत मिळते, ती हिशेबाला पुरून उरते.

चार गोष्टी सांभाळू या. बैठक संपली की त्याच दिवशी प्रत काढायची. फाइलच्या नावात तारीख घालायची आणि जुनी फाइल पुसायची नाही. आजच्या फाइलमध्ये चूक झाली तर मागची हाताशी राहते. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावून ठेवायचा नाही, नाहीतर व्हायरस दोन्हीकडे पोचतो. आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

या फायलींत आपले आधार क्रमांक, खाते क्रमांक असतात. म्हणून पासवर्ड दोघींनाच माहीत असावा, आणि ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही.

31 मार्चला आपण वर्षाचा हिशेब बंद करतो. जगभर हाच दिवस बॅकअप दिवस, म्हणजे प्रती काढून ठेवण्याची आठवण देणारा दिवस, म्हणून पाळतात. त्या दिवशी प्रत्येकीच्या बाकीचा कागद छापून त्यावर तिची सही घेऊ या.

आम्ही समन्वयक गटांच्या बैठकीला येतो, तेव्हा एक प्रश्न विचारतो. तुम्हीही येत्या बैठकीत तो विचारा: आज कॉम्प्युटर बंद पडला, तर आपला हिशेब कोणाच्या घरी मिळेल? गटातल्या प्रत्येकीला त्या ताईचं नाव सांगता आलं पाहिजे.