भूकंपाआधीचं गाणं

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की घोडेगाव येतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते कांद्याच्या मार्केटवरून कळतं. तिथल्या एका ख्रिस्ती घरी मी एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलो होतो. त्या दिवशी कांद्याचा भाव पडला होता. घरधन्यानं आडतीवरची हिशोबपट्टी खिशातून काढून कोनाड्यात ठेवली, हातपाय धुतले आणि पेटी पुढं ओढली. त्याच्या आईनं झांज घेतली. पहिल्या कडव्याला आवाज जडच होता. तिसऱ्या कडव्याला लय चढली, म्हातारीचे डोळे मिटले, दाराशी रेंगाळणारी पोरं आत येऊन टाळ्या धरू लागली. भजन संपलं तरी बराच वेळ कुणी बोललं नाही. पट्टी कोनाड्यातच होती, भाव काही वाढला नव्हता. तरी घर हलकं झालं होतं.

हे हलकेपण आलं कुठून?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलं. पाय खोड्यात अडकवलेले, पाठ सोललेली. मध्यरात्री दोघं प्रार्थना करून देवाची गाणी म्हणू लागले आणि बाकीचे कैदी ऐकत राहिले. मग भूकंप झाला, दारं उघडली. आपण बहुधा भूकंपच लक्षात ठेवतो. पण गाणं आधी सुरू झालं होतं, दारं बंद असतानाच. सुटका झाली म्हणून ते गात नव्हते. देव या अंधारकोठडीतही आपल्याजवळ आहे, एवढं त्यांना पुरलं. ख्रिस्ती माणूस ज्याला प्रभूमधला आनंद म्हणतो, तो हा.

आता हा आनंद मराठी माणसानं कोणत्या सुरात गायचा? नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. घोडेगावच्या पुढचं वडाळा हे त्याच मिशनचं जुनं ठाणं. मिशनरींबरोबर पाश्चात्त्य चालीही आल्या. शब्द मराठी, चाल परकी. ती गीतंही लोकांनी जीव लावून म्हटली, आजही म्हणतात. पण ज्याला अक्षर येत नव्हतं आणि ज्याच्या कानात लहानपणापासून टाळ-मृदंग होता, त्याचं मन त्या चालीत पुरतं मोकळं होईना. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथा कीर्तनात आणली. पुढं १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बोलावलं. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त आई होऊनही येतो. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं टिळक मानत. त्यात नवल कसलं? घोडेगाव ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथंच १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. या मातीला देवाला माउली म्हणायला शिकवावं लागत नाही. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिथं मरियेच्या नावातही माउली आहेच.

आनंद दाखवायच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या. कुणी हरेगावला पायी जातो. कुणी हात उंचावून हालेलुया म्हणतो. कुणी चर्चच्या शेवटच्या बाकावर मान खाली घालून गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यातही तोच आनंद असू शकतो. आवाजावरून त्याचं माप काढू नये. दुःख झाकायला चढवलेला आवाज वेगळा, आणि दुःख मांडीवर असतानाच फुटलेलं गाणं वेगळं.

त्या घरी मी रात्री मुक्काम केला. सकाळी उठून पाहतो, तर घरधनी ओट्यावर पट्टी घेऊन बसलेला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करत होता. कपाळाला आठी होती. आत म्हातारी भाकरी थापत होती, आणि परातीवर कालच्याच भजनाचा ठेका पडत होता. हिशोब चुकला म्हणून त्यानं आकडा खोडला, पुन्हा पहिल्यापासून मांडला. पाय मात्र आईच्या ठेक्यावर हलत होता.