गणिताचा विद्यार्थी संशोधक कसा होतो?



पदवीचा विद्यार्थी आणि संशोधक विद्यार्थी एकाच गणिताचा अभ्यास करतात, असा आपला समज असतो. परंतु पदवीच्या परीक्षेतील उदाहरण दुसऱ्याने घातलेले असते, आणि त्याला उत्तर आहे एवढे तरी निश्चित असते. संशोधनात प्रश्नही शोधावा लागतो. तो सुटेल की नाही, हे मार्गदर्शकालाही सांगता येत नाही. परीक्षेत पहिला आलेला मुलगा येथे बावरतो तो यामुळेच.

ही दरी आपल्या देशात काहींनी कशी ओलांडली, ते पाहण्यासारखे आहे. फादर शार्ल रासिन हे फ्रेंच जेझुइट पॅरिसमध्ये एली कार्तां यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून 1937 मध्ये भारतात आले आणि पुढे मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयात शिकवू लागले. युरोपात त्या काळी घडत असलेले गणित त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या कानावर घातले. त्यांपैकी एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे 1953 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. तेथे के. चंद्रशेखरन परदेशी गणितज्ञांना व्याख्यानांसाठी पाचारण करीत, आणि व्याख्यानांची टिपणे तरुण विद्यार्थ्यांकडून लिहवून घेऊन ती छापली जात. लोराँ श्वार्त्झ यांच्या व्याख्यानांची टिपणे नरसिंहन यांनी लिहिली. हे काम वरवर कारकुनी वाटते. पण वक्ता ‘हे उघडच आहे’ म्हणून पुढे जातो आणि ते उघड का, हे टिपणे लिहिणाऱ्याला स्वतः सिद्ध करून पाहावे लागते. (अनुवादकाची अवस्था याहून फार निराळी नसते!) भूमितीतील दोन दूरच्या कल्पनांना जोडणारे, 1965 मध्ये प्रसिद्ध झालेले या दोघांचे प्रमेय आज त्यांच्याच नावाने जगभर ओळखले जाते.

मात्र संशोधन स्वतंत्र संस्थांत गेले आणि बहुसंख्य महाविद्यालये त्याला पारखी झाली, ही हानी लहान म्हणता येणार नाही. शेषाद्रींनी उभारलेल्या चेन्नईच्या गणित संस्थेत 1998 पासून पदवीचे वर्ग भरू लागले. तेथे संशोधन करणारेच पदवीच्या मुलांना शिकवतात. पण अशा जागा किती? जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला एखादा संशोधक प्रत्यक्ष भेटेलच, असे नाही. तिच्यासारख्यांसाठी एस. कुमरेसन यांनी 1993 मध्ये उन्हाळी शिबिरांचा उपक्रम सुरू केला. तेथे शिक्षक उत्तर सांगत नाहीत, ‘असे का?’ एवढेच विचारीत राहतात.