इंदापूरचा विद्यार्थी हॉलंडात

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाचे पत्र आले म्हणजे ते शेजारीपाजारी वाचून दाखविण्याचा प्रघात एके काळी घरोघर होता. आता पत्राची जागा दूरध्वनीने आणि छायाचित्रांनी घेतली आहे. त्यामुळे घरच्या माणसांना मुलाचे पुष्कळ दिसते. समजते मात्र थोडे. पवनचक्कीपुढे उभा राहिलेला मुलगा दिसतो. त्या दिवशी तो काय जेवला, आणि ती पवनचक्की तेथे कशासाठी आहे, हे छायाचित्रात येत नाही.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके शेतीचे. शेतीशास्त्र शिकणाऱ्या तेथील मुलामुलींच्या कानी हॉलंडचे नाव लवकर पडते. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रात डच सहकार्याने भाजीपाल्याचे केंद्रही उभे राहिले आहे. हॉलंडात, म्हणजे आजच्या नेदरलँड्स देशात, ऱ्हाईन नदीच्या काठी वागेनिंगेन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सरकारी शेतकी शाळा १८७६ साली निघाली आणि १९१८ साली तिला उच्च विद्यालयाचा दर्जा मिळाला. आज तेथे शेतीचे जगप्रसिद्ध विद्यापीठ आहे. ज्या साली ती शाळा निघाली, त्याच साली दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. आणि त्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदला गेला, जो बारामतीवरून इंदापुराकडे जातो.

मुलगा जातो तो बहुधा कर्ज काढून. त्यासाठी जमीन तारण ठेवली, तर सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो. जमिनीची मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांसाठी सारा ठरविण्याची जी पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी बसविली, तिचा आरंभ १८३६ साली इंदापूर तालुक्यातच झाला. त्या तालुक्यातील माणसाला सातबाऱ्यावरच्या एका ओळीचे वजन निराळे सांगावे लागत नाही.

तिकडचा दिनक्रम साधा असतो, परंतु अंगवळणी पडावयास वेळ लागतो. जावे-यावे ते सायकलीवरून. पाऊस आहे म्हणून कोणी घरी थांबत नाही. आणि पावसापेक्षा समोरचा वारा अधिक छळतो. दुपारचे जेवण म्हणजे थंड पाव व चीज. मोठी माणसेही पावावर चॉकलेटचे बारीक कण पसरून न्याहारी करतात, हे पाहून नवखा मनुष्य थबकतो. रात्रीचे जेवण सायंकाळी सहाला! हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते. त्यामुळे मुलाला अभ्यास आटोपून निवांत बोलावयास सवड मिळते, तेव्हा इकडे आईची झोपेची वेळ टळून गेलेली असते.

गुणांचाही असाच घोटाळा. तेथे दहापैकी गुण देतात. सहा म्हणजे उत्तीर्ण, आठ म्हणजे उत्तम. दहा फारसे कोणाला मिळत नाहीत. इकडे नव्वद टक्क्यांची सवय लागलेल्या वडिलांना ‘सात मिळाले’ हे ऐकून काळजी वाटते, आणि ती काळजी दूर करण्यात दूरध्वनीचा बराचसा वेळ खर्ची पडतो.

ज्वारीचे पीठ हवे असेल तर मोठ्या शहरातले हिंदी दुकान गाठावे लागते. हेग शहरात अशी दुकाने आहेत. त्यांपैकी कित्येकांचे मालक मूळचे सुरिनामचे. १८७३ सालापासून मजूर म्हणून उत्तर हिंदुस्थानातून तिकडे नेलेल्या लोकांचे ते वंशज. ते घरात बोलतात ती भाषा भोजपुरीच्या जवळची असते, आणि इंदापूरच्या मुलाला ती अर्धीमुर्धी समजते. समुद्राकाठच्या त्या थंड शहरात पिठाची पिशवी घेताना झालेली ही ओळख पुष्कळ प्रेक्षणीय स्थळांहून मोलाची मानावी लागेल.

आता प्रेक्षणीय स्थळांविषयी. किंडरडाइक येथे १९ पवनचक्क्या एकत्र उभ्या आहेत. आपल्या ‘चक्की’ या शब्दाने मोठी फसगत होते. त्या काही दळीत नव्हत्या. सखल जमिनीतील पाणी उपसून वर टाकणे, हे त्यांचे काम. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि उपसा थांबला तर तेथे गावे टिकणार नाहीत. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून त्यांनी समुद्राचे एक आखातच बंद केले आणि पुढे त्यातून शेतजमीन काढली.

त्याच आखातात स्खोकलंड नावाचे बेट होते. समुद्र किनारा खात चालला आणि लोक दरिद्री झाले, तेव्हा १८५९ साली सरकारी आज्ञेने सहाशेंहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. पुढे १९४२ साली भोवतालचे पाणी काढल्यावर ते बेट शेतांच्या मधोमध उभे राहिले. आज तेथे उंचवट्यावर जुने चर्च आहे आणि खाली बटाट्याची शेते आहेत. इंदापूरचा मुलगा तेथे उभा राहिला म्हणजे त्याला पळसदेव आठवणे अपरिहार्य आहे. भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि पळसदेवचे प्राचीन देऊळ पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, की ते दिसू लागते. तिकडे पाणी काढले म्हणून बेट उघडे पडले. इकडे पाणी अडविले म्हणून गाव बुडाले. दोन्हीकडे घर सोडून जाणारी माणसे मात्र सारखीच.

याच ठिकाणी सहल संपून शिक्षण सुरू होते. तेथील पाण्याचा कारभार ‘वॉटरस्खॅप’ नावाच्या लोकनियुक्त मंडळांकडे असतो. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. आज अशी २१ मंडळे आहेत. ती स्वतःचा कर घेतात आणि त्यांच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात. आपल्याकडे कालव्याचे आवर्तन कधी सुटावयाचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी पाटात पाणी दिसेपर्यंत त्यावर विश्वास ठेवीत नाही.

तेव्हा घरून प्रश्न येतो तो चर्चचा नव्हे आणि पवनचक्कीचाही नव्हे. वडील विचारतात, “पाणी कमी पडले, तर त्यांच्या शेवटच्या शेताला काय मिळते?” याचे उत्तर तेथे आधीच लिहून ठेवलेले असते. टंचाईत प्रथम पाणी बांधांच्या सुरक्षिततेला आणि जे एकदा बिघडले तर पुन्हा सुधारणार नाही त्याला. मग पिण्याला व विजेला. त्यानंतर थोड्या पाण्यावर तगणाऱ्या मोलाच्या पिकांना. आणि बाकीची शेती सर्वांच्या शेवटी. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात त्या पाणथळ देशातही कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांना ओढ्याचे पाणी उपसण्याची मनाई झाली होती.

“म्हणजे तिथंही आपण शेवटीच,” वडील म्हणतात. मुलगा सांगतो, “होय. पण कितवे, ते आधी ठाऊक असतं.”