बुद्धिबळ, संगणक आणि दूरदृष्टी



बुद्धिबळाचा पट आपण सर्वांनीच पाहिला आहे. हा खेळ यंत्राला कसा शिकविण्यात आला, याविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे. पुढचा विचार करून निर्णय घेणे हे ज्यांचे काम आहे, अशा सर्वांना त्यात एक बोध आहे, असे मला वाटते.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली या विषयावर एक मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. कोणत्याही क्षणी खेळाडूपुढे सुमारे ३० खेळ्या असतात आणि प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची तितकीच उत्तरे असू शकतात. अशा रीतीने शक्यतांचा एक अफाट वृक्ष वाढत जातो. ४० चालींच्या डावाचा हिशेब शॅनन यांनी मांडला, तेव्हा उत्तर आले एकावर १२० शून्ये! सारा वृक्ष धुंडाळणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून काही पावलांपर्यंतच पाहावयाचे आणि तेथील स्थितीला गुण द्यावयाचे. प्याद्याला १, घोड्याला व उंटाला ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९. आपल्या पाळीला सर्वांत अधिक गुणांची वाट निवडावयाची. प्रतिस्पर्धी मात्र आपल्याला सर्वांत कमी गुण मिळतील अशीच वाट निवडील, हे गृहीत धरावयाचे.

यानंतर छाटणीची युक्ती आली. समजा, आपल्या एका खेळीला प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्याच उत्तराने आपला वजीर फुकट जातो आणि दुसरी सुरक्षित खेळी आपल्या हाती आहे. मग पहिल्या खेळीची उरलेली २९ उत्तरे तपासण्याचे कारणच काय? ती फांदी तेथेच छाटावी. हिलाच आल्फा-बीटा छाटणी म्हणतात. दर वेळी ३० खेळ्या धरल्या तर चार पावलांनंतर ८,१०,००० स्थिती तपासाव्या लागतात. चांगल्या खेळ्या आधी पाहिल्या, तर उत्तम परिस्थितीत १,७९९ स्थितींत काम भागते, आणि उत्तर मात्र तेच येते.

तथापि या पद्धतीत एक मोठा दोष होता. टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे माजी जगज्जेते आणि संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर यांनी तो १९७०च्या दशकात उघड केला. त्याला क्षितिज-दोष म्हणता येईल. कल्पना करा की, यंत्र सहा पावलांपर्यंत पाहते आणि सहाव्या पावलावर आपला उंट मरतो, असे त्याला दिसते. मग ते एक प्यादे पुढे करून बळी देते. प्रतिस्पर्ध्याला ते प्यादे मारावे लागते. उंटाचे मरण सहाव्या पावलावरून आठव्यावर जाते, म्हणजेच यंत्राच्या दृष्टीपलीकडे जाते. उंट वाचला, असे यंत्र समजते! पुढच्या पाळीला तोच प्रकार घडतो, आणखी एक प्यादे जाते. अखेरीस प्यादीही जातात आणि उंटही जातो.

यावरील उपायाची दिशा शॅनन यांनी १९५० सालीच दाखविली होती. जेथे मारामारी चालू आहे, तेथे थांबून गुण देऊ नयेत. पट शांत होईपर्यंत पाहत राहावे. न्यूयॉर्क येथे मे १९९७ मध्ये जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांचा साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभव करणारे डीप ब्लू हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. तरीही महत्त्वाच्या वाटा ते अधिक खोलवर पाही. पुढे २०१७ साली अल्फाझीरो या प्रणालीने स्वतःशीच डाव खेळून स्थितींचे मोल ठरविण्यास शिकून घेतले. सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहणाऱ्या या प्रणालीने सुमारे ७ कोटी स्थिती पाहणाऱ्या स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांपैकी २८ जिंकले आणि एकही गमावला नाही. पाहणे कमी, पण पारख अधिक चांगली! मात्र डाव जिंकावयाचा, हे ध्येय तिला माणसांनीच दिले होते.

मित्रहो, क्षितिज-दोष केवळ यंत्रातच असतो असे नाही. तळ्याच्या बांधाला भेग पडली असता या वर्षी खर्च नको म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली, तर अंदाजपत्रक जमते, पण भेग बुजत नाही. आता कचेऱ्यांतही संगणकाचा सल्ला येऊ लागला आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा हिशेब किती पुढपर्यंत पाहून केला आहे आणि गुण कोणी व कशाला दिले आहेत, हे दोन प्रश्न विचारणे आपले कर्तव्य आहे, कारण निर्णयाखाली सही आपलीच असते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर फुली-गोळ्याचा अर्धा खेळलेला डाव मांडा आणि उरलेल्या सर्व वाटा मुलांकडून काढून घ्या. प्रत्येक वाटेच्या शेवटी कोण जिंकतो, ते लिहावयास सांगा. मग उलट दिशेने मागे येत योग्य खेळी त्यांनाच शोधू द्या. तासाभरात हा सारा विषय त्यांच्या ध्यानी येईल.