आठ कोर आणि एकच काटा



आमच्या गटाने हिशेबासाठी संगणक घ्यायचं ठरवलं. वर्ध्याच्या एका दुकानात गेलो. चार कोरचा ३७,००० रुपयांना, आठ कोरचा ५२,००० रुपयांना. दुकानदार म्हणाला, "ताई, आठवाला घ्या, काम दुप्पट वेगानं होते." फरक १५,००० चा. आम्ही बारा जणी, महिन्याला शंभर रुपये बचत. म्हणजे सगळ्यांची मिळून साडेबारा महिन्यांची बचत! पैसे न देताच परत आलो, अन् मी माहिती काढत बसले.

कोर म्हणजे प्रोसेसरमधला हिशेब करणारा एकेक मजूर. आता कापूस वेचणीचं बघा. एक शेत एकीला वेचायला नऊ दिवस, अन् वजन करून गठोडी बांधायला एक दिवस लागतो असं समजा. नऊ जणी लावल्या तर वेचणी एका दिवसात. काटा मात्र एकच, त्याचा दिवस कायमच. म्हणजे दहा दिवसांचं काम दोन दिवसांवर आलं. अठरा जणी लावल्या तर? दीड दिवस. मजूर दुप्पट, वाचला अर्धा दिवस! जीन अमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हीच गोष्ट मांडली.

आपल्या वऱ्हाडातल्या मुरंब्याचे, अकोला जिल्ह्यातले, डॉ. विजय भटकर यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली 'परम ८०००' तयार केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच. पण तिथली कामं वेचणीसारखी. हवामानाचा अंदाज काढताना नकाशाचे चौकोन पाडून वाटून देता येतात. आणि तशी वाटणी करणारा प्रोग्रामही मुद्दाम लिहावा लागतो. तो नसेल तर बाकीचे प्रोसेसर धुऱ्यावर बसून राहतात.

आपल्या कामाचं काय? अर्ज टाइप करायला एक कोरही पुष्कळ. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जोडून तयार करायचा असेल तर त्याचे तुकडे वाटले जातात, तिथे आठ कोर खरंच उपयोगी. एक्सेल २००७ पासून अनेक कोरवर हिशेब करू शकतं. पण आपली शिल्लक कशी निघते? आधीच्या ओळीची शिल्लक निघाल्याशिवाय पुढची निघत नाही. तिथे मजूर वाढवून काय करता! ब्राउझर वेगवेगळी पानं वेगवेगळ्या कोरवर टाकतो. पण आपण पासबुक बघायला एखाददुसरंच पान उघडतो, अन् तेव्हा खोळंबा बहुतेक नेटचाच असतो.

संगणक कूर्मगतीने चालतो तो बरेचदा रॅम कमी असते म्हणून, किंवा जुन्या पद्धतीची हार्डडिस्क असते म्हणून. चार कोरवाल्यात ८ जीबी रॅम अन् एसएसडी आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. चूक माझी.

कोर रिकामे आहेत का ते बघताही येतं. विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयूच्या आलेखावर उजवं बटण दाबून प्रत्येक कोरचा वेगळा आलेख मागायचा.

शेजारच्या गटाला व्हिडिओचंच काम करायचं आहे, त्यांनी आठवाला घेतला तर मी नाही म्हणणार नाही. आमचा ठराव मंगळवारी आहे. त्याआधी आमची खतावणी पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जाणार, दोन्ही संगणकांवर उघडायला लावणार, अन् घड्याळ लावून बसणार.